खावटी : धान्यकर्ज, अनुदान आणि आदिवासींचा जमिनीवरील हक्क

'खावटी' हा शब्द ग्रंथांपेक्षा सावकारी वह्यांत आणि आदिवासी घरांच्या ओटीवर अधिक वावरलेला आहे. 'खाणे' या क्रियापदापासून तो सिद्ध झाला असून त्याचा अर्थही तितकाच उघडा आहे. पेरणीसाठी नव्हे, बैलांसाठी नव्हे, लग्नकार्यासाठी नव्हे, तर केवळ खाण्यासाठी घेतलेले धान्य म्हणजे खावटी. सह्याद्रीच्या उतारावरील आणि सातपुड्यातील आदिवासी घरांत ज्येष्ठाच्या अखेरीस कणगी तळाला जाते, आणि नवे भात किंवा नागली हाती येण्यास आश्विन-कार्तिक उजाडतो. या मधल्या तीन-चार महिन्यांचे अन्न कोठून तरी आणावे लागते. शेतीतील सर्वांत जड काम, म्हणजे चिखलणी, लावणी आणि बेणणी, नेमके याच महिन्यांत पडते ही यातील विपरीत गोष्ट होय. अंगमेहनत शिगेला आणि धान्य तळाला, अशी ही स्थिती दरवर्षी येते. तिला दुष्काळाची गरज नसते.

खावटीच्या शेजारी 'तगाई' हा शब्द ठेवून पाहिल्यास फरक स्पष्ट होतो. तगाई म्हणजे अरबी 'तकावी'. तिच्या मुळाशी बळ देण्याची कल्पना आहे. १८८३ चा जमीनसुधारणा कर्जाचा कायदा आणि १८८४ चा शेतकऱ्यांच्या कर्जाचा कायदा यांन्वये ब्रिटिश सरकार तगाई देई. ती विहिरीसाठी, बांधासाठी, बियाण्यासाठी वा बैलासाठी मिळे आणि तिला तारण अथवा जामीन लागे. शेताला बळ देण्याची ही कल्पना होती. शेत कसणाऱ्याच्या पोटाचा विचार तिच्यात गौण होता. खावटीला आरंभी तारण लागत नसे. तिचे तारण म्हणजे येणारे पीक, आणि पीक अपुरे पडले तर पिकाखालची जमीन, आणि जमीनही गेली तर माणूस. सावकाराचे कर्ज, शासकीय महामंडळाचे कर्ज आणि अखेरीस अनुदान असा या शब्दाचा शंभराहून अधिक वर्षांचा प्रवास आहे. वस्तू तीच राहिली, देणारा बदलत गेला. देणारा बदलल्याने घेणाऱ्याच्या जमिनीचे काय झाले, हा प्रस्तुत विवेचनाचा विषय आहे.

सावकारी खावटीची रीत ठाणे जिल्ह्यात अशी होती. आषाढात दिलेले भात कार्तिकात खळ्यावरच मोजून घ्यावयाचे आणि ते 'वाढीदिढी'ने, म्हणजे मणास दीड मण, घ्यावयाचे. चार महिन्यांस निम्मी वाढ याचा अर्थ वार्षिक दीडशे टक्के व्याज. याहूनही जाचक पद्धत म्हणजे धान्य देताना पावसाळ्यातील चढ्या भावाने त्याचे रुपये मांडावयाचे आणि परत घेताना हंगामातील उतरत्या भावाने त्या रुपयांचे धान्य करून घ्यावयाचे. अशा हिशेबात व्याज वेगळे लिहिण्याची आवश्यकताच उरत नाही. खळ्यावरून उरले-सुरले धान्य घरी येई ते माघ-फाल्गुनापर्यंत पुरे, आणि पुढील खावटी मागील खावटीपेक्षा लवकर काढावी लागे.

ही रीत जुनी असेल. परंतु तिच्यातून जमीन जाऊ लागली ती एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, आणि त्याची कारणे सावकाराच्या स्वभावात शोधणे इतिहासाच्या दृष्टीने पुरेसे नाही. रयतवारीच्या मोजणीने जमिनीला क्रमांक, आकार आणि मालकाचे नाव दिले. त्यामुळे ती विकता आणि गहाण टाकता येऊ लागली. सारा रोख भरावयाचा असल्याने रोकड देणाऱ्याचे महत्त्व वाढले. त्यातच १८७८ च्या कायद्याने जंगले राखीव होऊ लागली. कोकणात भात आणि नागली यांच्या रोपांसाठी राब भाजण्याची पद्धत आहे. झाडांच्या फांद्या, पालापाचोळा आणि गवत वाफ्यावर पसरून जाळावयाचे आणि त्या भाजलेल्या जमिनीत बी टाकावयाचे. फांद्या तोडण्यावर निर्बंध आले तेव्हा हे निर्बंध केवळ लाकडावर नव्हते, ते पिकावर होते. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतील या तक्रारींचा बोभाटा इतका झाला की मुंबई सरकारला वन आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल १८८७ चा आहे. पिकाला राब नाही, उपासमारीच्या दिवसांत कंदमुळांसाठी जंगल मोकळे नाही, आणि जमीन मात्र गहाण टाकण्यास मोकळी, अशा तीन बाजू जुळल्यावर खावटीचे रूपांतर गहाणखतात होण्यास फार वर्षे लागली नाहीत.

या काळातील शब्दांचा क्रमच बोलका आहे. जमिनीचा खातेदार तीच जमीन खंडाने कसू लागला की त्यास 'कूळ' म्हणत. कुळाकडून खंड फिटेनासा झाला की तो 'गडी' होई. आणि लग्नासाठी घेतलेल्या थोड्याशा रकमेपायी जो नवराबायकोसह मालकाच्या घरी राबे, त्यास 'लग्नगडी' म्हणत. लग्नगडी हा सामासिक शब्द ज्या समाजात रूढ होतो तेथे विवाहविधी आणि ऋण यांची गाठ किती घट्ट बसली असेल, हे वेगळे सांगावयास नको.

सरकारला या प्रक्रियेची जाणीव नव्हती असे नाही. १९०१ मध्ये मुंबई जमीन महसूल कायद्यात दुरुस्ती करून, साऱ्याच्या थकबाकीपायी सरकारजमा झालेली जमीन पुन्हा देताना ती हस्तांतर करता येणार नाही अशी अट घालण्याचा अधिकार सरकारने घेतला. 'नवी शर्त' हा महसुली शब्दप्रयोग या कायद्यातून आला. विधिमंडळात या विधेयकास कडाडून विरोध झाला आणि फिरोजशहा मेहता, गोपाळ कृष्ण गोखले प्रभृती सभासद सभात्याग करून गेले. जमीन गहाण ठेवता आली नाही तर रयतेची पतच बुडेल, हा विरोधकांचा एक महत्त्वाचा मुद्दा होता. या वादात दोन्ही बाजू आपापल्या जागी खऱ्या होत्या, हे आता अंतरावरून पाहताना जाणवते. विकता येणारी जमीन सावकाराकडे जाते, आणि न विकता येणाऱ्या जमिनीवर आषाढात कोणी धान्य देत नाही. पुढील सर्व कायदे, सर्व योजना याच पेचाभोवती फिरत राहिल्या.

१९३७ मध्ये प्रांतिक स्वायत्तता आल्यानंतर बाळ गंगाधर खेर यांच्या मंत्रिमंडळाच्या काळात डी. सिमिंग्टन या सनदी अधिकाऱ्याकडे मुंबई प्रांतातील आदिवासी व डोंगरी जमातींच्या स्थितीची चौकशी सोपविण्यात आली. त्यांचा अहवाल १९३९ मध्ये प्रसिद्ध झाला. धान्यकर्ज, वेठ, लग्नगडी आणि जंगल खात्याच्या कनिष्ठ नोकरांचा जाच यांची सरकारी कागदांत इतकी स्पष्ट नोंद पूर्वी झालेली नव्हती. या अहवालापासून दोन वाटा फुटलेल्या दिसतात, आणि त्या दोन्ही ठाणे जिल्ह्यातच फुटाव्यात ही गोष्ट अभ्यासकाच्या सोयीची आहे.

पहिली वाट सेवेची. खेर यांच्या पुढाकाराने १९४० मध्ये आदिवासी सेवा मंडळ स्थापन झाले. वसतिगृहे, शाळा, औषधोपचार हे त्याचे कार्य. परंतु आर्थिकदृष्ट्या महत्त्वाची ठरली ती १९४७ पासून सुरू झालेली जंगल कामगार सहकारी संस्थांची चळवळ. जंगलातील तोडीचा विभाग, ज्याला 'कूप' म्हणतात, तो ठेकेदाराऐवजी आदिवासींच्या संस्थेस द्यावा, अशी ही योजना होती. (कूप हा विहिरीचा संस्कृत शब्द नव्हे, फ्रेंचमधून इंग्रजी वनशास्त्रात आणि तेथून जंगल खात्याच्या मराठीत आलेला तो 'तोड' या अर्थाचा शब्द आहे.) ठेकेदार गेला, मजुरीचा दर सुधारला, हे निर्विवाद. तथापि संस्थेचा सभासद कूप तोडणारा मजूर होता, कुपाचा धनी नव्हता. झाडे कोणती, किती आणि केव्हा तोडावयाची हे जंगल खाते ठरवी. संस्थांचा कारभार बहुधा बाहेरील प्रतिष्ठितांच्या हाती राही, आणि तोड थांबली की संस्थाही निपचित पडे.

दुसरी वाट संघर्षाची. १९४५ च्या जानेवारीत टिटवाळा येथे भरलेल्या किसान सभेच्या परिषदेस वारली प्रतिनिधी आले आणि २३ मे १९४५ रोजी उंबरगाव तालुक्यात झरी येथे वारल्यांची परिषद झाली. शामराव आणि गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वेठ नाकारण्याचा निर्णय तेथे झाला, आणि लग्नगड्यांची मुक्तता पाठोपाठ सुरू झाली. यानंतरचा प्रश्न मजुरीचा होता. ज्या वरकस जमिनी वारल्यांच्या हातून गेल्या होत्या त्यांवर आता मालकांचे गवत वाढत होते, आणि ते कापावयास वारलीच लागत. पाचशे पौंड गवताच्या कापणीस अडीच रुपये मिळावेत ही मागणी घेऊन त्या शरदात संप झाला. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण मृत्युमुखी पडले. गोदावरी परुळेकरांच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' (१९७०) या ग्रंथातून ही हकीकत मराठी वाचकांस परिचित आहे. पुढे खेर पुन्हा मुख्य प्रधान झाले, आणि आदिवासी सेवा मंडळाच्या याच संस्थापकाच्या कारकीर्दीत परुळेकरांवर हद्दपारीचे हुकूम निघाले. सेवा आणि संघर्ष या दोन वाटांमधील अंतर यावरून लक्षात यावे.

येथे एक सूक्ष्म भेद ध्यानात घ्यावयास हवा. वेठ आणि लग्नगडी या गोष्टी एका निर्धाराने काही महिन्यांत मोडता आल्या, कारण त्या माणसाच्या अंगावर होत्या. अंग काढून घेतले की त्या संपत. खावटी तशी मोडता येत नाही. ती नाकारणे म्हणजे लावणीच्या दिवसांत उपाशी राहणे होय. म्हणूनच बंडानंतरही खावटी चालू राहिली.

स्वातंत्र्योत्तर कायद्यांचा आढावा थोडक्यात घेणे पुरे. १९४८ चा कूळकायदा आणि १ एप्रिल १९५७ चा 'कृषकदिन' यांनी कसणाऱ्यास मालक केले, पण ज्याचे नाव कूळ म्हणून लागले होते त्यासच. खानदेशात शहादे तालुक्यात भिल्लांच्या जमिनींचा प्रश्न अंबरसिंग महाराज यांच्या नेतृत्वाखाली पुढे आला आणि जानेवारी १९७२ मध्ये तेथे भूमुक्ती मेळावा झाला. या दबावातून १९७४ मध्ये जमीन महसूल संहितेत सुधारणा होऊन आदिवासींची जमीन बिगरआदिवासीकडे जाण्यास बंधने आली, आणि १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात गेलेल्या जमिनी परत करण्याचा कायदा १ नोव्हेंबर १९७५ पासून अंमलात आला. सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये तो वैध ठरविला. हा कायदा निःसंशय मोठा. परंतु त्याच्या तारखांकडे पाहिले म्हणजे ठाण्यातील वारल्यांच्या आज्याच्या काळी गेलेली जमीन त्याच्या कक्षेतच येत नव्हती, हे ध्यानात येते. ज्या पिढीने जमीन गमावली ती, आणि ज्या पिढीला कायदा लाभला ती, या दोन वेगळ्या होत्या.

याच सुमारास कर्जमुक्तीचे धोरण आले. लहान शेतकरी व मजूर यांची सावकारी कर्जे रद्द झाली आणि १९७६ च्या केंद्रीय कायद्याने वेठबिगारी नष्ट केली. परिणाम अपेक्षित होता : सावकाराने हात आखडता घेतला. आषाढ मात्र नेहमीप्रमाणेच आला. उपभोगासाठी कर्ज देण्याचा विचार करण्यास केंद्र सरकारने बी. शिवरामन यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने १९७६ मध्ये अहवाल दिला, त्याची पार्श्वभूमी हीच होय. महाराष्ट्रात १९७२ पासून कार्य करणाऱ्या सहकारी आदिवासी विकास महामंडळाकडे धान्य व वनोपज यांची एकाधिकार खरेदी सोपविण्यात आली, आणि १९७८ पासून त्याच यंत्रणेमार्फत पावसाळ्यात कर्ज देण्याची योजना सुरू झाली. तिचे नाव ठेवण्यात आले 'खावटी कर्ज योजना'.

हे नाव निवडताना शासनाने सावकाराचाच शब्द उचलला, यात औचित्य होते. लोकांना तो समजावून सांगावा लागला नाही. पण शब्दाबरोबर त्याचा आराखडाही आला. काही भाग रोख, काही भाग वस्तुरूपाने. पावसाळ्यात वाटप, हंगामात वसुली. आणि वसुलीचा मार्ग म्हणजे एकाधिकार खरेदी केंद्रावर आणलेले धान्य. दिढी गेली, खळ्याच्या जागी केंद्र आले, एवढाच भेद. कल्पना अशी की कर्जदार आपले पीक केंद्रावर आणील. ज्याच्याकडे विकण्याजोगे पीक असते त्यास खावटी लागत नाही, आणि ज्यास खावटी लागते त्याच्याकडे विकण्याजोगे पीक नसते, ही साधी गोष्ट या आराखड्यात हरवली. पुढे कर्जाचा काही अंश अनुदानात बदलण्यात आला, तरी थकबाकी वाढतच गेली. थकबाकीदार म्हणून तेच कुटुंब पुढील वर्षी अपात्र ठरे. २०१४ च्या सुमारास योजना बंद पडली आणि २००९ ते २०१४ या काळातील थकीत कर्जे शासनाने २०१९ मध्ये माफ केली. कर्ज म्हणून दिलेली रक्कम अशा रीतीने दान ठरली, पण दान म्हणून देताना जी प्रतिष्ठा राखता आली असती ती मधल्या दहा वर्षांच्या तगाद्यात राखली गेली नाही.

अनुदान गावाच्या हाती देण्याचा एक वेगळा प्रयोग म्हणून १९९६-९७ च्या केंद्रीय ग्रामधान्यकोश योजनेकडे पाहावे लागेल. एकदाच धान्याचा साठा द्यावयाचा आणि गावाने तो आपसांत उसना देत, परत घेत टिकवावयाचा, हे तिचे स्वरूप होते. तत्त्व उत्तम; खावटीचा धनी प्रथमच गाव होणार होते. परंतु कोश भरून ठेवण्यास जे उत्पन्न लागते त्याचे साधन, म्हणजे जमीन व जंगल, या योजनेच्या कक्षेबाहेर होते.

त्या साधनाचा प्रश्न दुसऱ्याच खात्याकडे पडून होता. ठाणे-रायगडातील ठाकूर व कातकरी यांना जंगलात राबासाठी व लागवडीसाठी दिलेले 'दळी'चे तुकडे, दरवर्षी नव्याने मिळणारी 'एकसाली' जमीन, यांवर पिढ्यान्पिढ्या लागवड होत असूनही मालकीची नोंद नव्हती. जंगल खात्याच्या भाषेत या सर्वांस एकच नाव होते : 'अतिक्रमण'. दळी आणि एकसाली हे शब्द दिलेल्या हक्काचे, मग तो कितीही तुटपुंजा असो. अतिक्रमण हा गुन्ह्याचा शब्द. कागदावर शब्द बदलला आणि जमीन न हलता तिचा कसणारा आरोपी झाला.

२००६ च्या वनहक्क कायद्याने हा शब्दबदल उलटा फिरविला, आणि तो ज्या रीतीने फिरविला ती भाषेच्या अभ्यासकाने विशेष पाहण्यासारखी आहे. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासूनची वहिवाट सिद्ध करण्यासाठी कायद्याच्या नियमांनी कागदोपत्री पुराव्याबरोबरच दावेदाराखेरीज अन्य वडीलधाऱ्यांचे लेखी नोंदविलेले कथन, तसेच विहिरी, दफनभूमी आणि देवस्थाने यांसारख्या जुन्या खुणा पुरावा म्हणून मान्य केल्या. ज्या समाजाचा सर्व इतिहास मौखिक आहे त्याच्या बोलण्याला दप्तराच्या बरोबरीने बसविण्याची ही तरतूद होय. वारल्यांचा सीमेवरचा वाघदेव, डोंगरावरील देवाची जागा, मृतांच्या स्मरणार्थ उभे केलेले दगड यांकडे पूर्वी लोकजीवनाच्या अभ्यासकांचेच लक्ष जाई; आता ती वहिवाटीची साक्ष ठरू शकत होती. परंपरेचे जतन आणि जमिनीचा हक्क हे दोन स्वतंत्र विषय मानण्याची सवय शासनास आणि विद्यापीठांसही आहे. या नियमाने ती सवय निदान कागदावर तरी मोडली.

कायद्याचा दुसरा भाग सामूहिक हक्काचा. तो समजण्यासाठी ठाण्याबाहेर, गडचिरोलीकडे वळावे लागते. कारण तेथे जमीनदारीच्या काळापासून 'निस्तार' या नावाने सरपण, बांबू, चराई यांचा गावाचा वापर मान्य होता. निस्तार म्हणजे तरून जाणे. गरज भागविणे हा त्याचा व्यवहारातील अर्थ. १९५० च्या कायद्याने जमीनदारी संपली, जंगल सरकारजमा झाले आणि बांबू कागद कारखान्याकडे जाऊ लागला. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाने देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या प्रयत्नांतून ग्रामसभेचा सर्वसहमतीचा कारभार आधी उभा केला होता. २००९ मध्ये त्यास सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरीही बांबू गावाबाहेर नेण्यास वाहतूक परवाना देण्याचा अधिकार खाते सोडीना. २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले, तेव्हा हा वाद मिटला. मेंढ्याची कथा नेहमी स्वयंशासनाची कथा म्हणून सांगितली जाते. खावटीच्या दृष्टीने पाहिल्यास तिचे मर्म अधिक साधे आहे : विक्री, मजुरीचा दर आणि गावाच्या कोशात पडणारा वाटा या तिन्ही गोष्टी तेथे ग्रामसभाच ठरवू लागली. जंगल कामगार संस्थेत १९४७ साली जे राहून गेले होते ते हेच.

अर्थात मेंढा हे एक गाव आहे, आणि प्रत्येक वनहक्कधारकाच्या वाट्यास अठराशे हेक्टरांचा बांबू येत नाही. याचे प्रत्यंतर २०२० मध्ये आले. टाळेबंदीने मजुरी बुडाल्यावर शासनाने खावटी योजना पुनरुज्जीवित केली, ती यावेळी एका वर्षापुरती आणि शंभर टक्के अनुदान म्हणून. ११ लाख ५५ हजार कुटुंबांस प्रत्येकी ४००० रुपये, निम्मे बँक खात्यात आणि निम्मे वस्तुरूपाने, अशी तिची रचना होती. लाभार्थींच्या वर्गवारीत रोजगार हमीवरील मजूर होते, आदिम जमाती होत्या, पारधी होते, विधवा व परित्यक्ता होत्या. आणि त्यांच्याच पंक्तीस वैयक्तिक वनहक्क मिळालेली १ लाख ६५ हजार कुटुंबे होती. ज्यांच्या हाती जमिनीचा दाखला आला होता त्यांचीही आषाढाची कणगी रिकामीच होती. वरकस, उताराची, पाण्याची सोय नसलेली जमीन नावावर झाली म्हणजे ती चार महिने अधिक पिकते असे नाही. जुन्या तगाईत जी विहीर आणि जो बांध होता, त्याची गरज येथे होती, आणि मिळाली ती खावटी.

पावसाळ्यासाठी योजिलेले हे साहाय्य बऱ्याच कुटुंबांपर्यंत पोचण्यास २०२१ उजाडले. वस्तूंच्या संचात मटकी, चवळी, हरभरा, वाटाणा, उडीदडाळ, तूरडाळ, साखर, शेंगदाणा तेल, गरम मसाला, मिरचीपूड, मीठ आणि चहापत्ती होती. तांदूळ-गहू शिधावाटप दुकानातून मिळतात म्हणून ते वगळले गेले असावेत, आणि डाळी-तेलाची उणीव त्या घरांत खरीच असते. पण ज्या पिकांच्या राबासाठी ठाणे-कुलाब्याच्या लोकांनी वन आयोगापुढे गाऱ्हाणे मांडले होते आणि जी संपल्यामुळेच खावटी काढावी लागे, ती नागली आणि वरई त्या यादीत कोठेच नव्हती.